नऊ गुंठे, सोळा गुंठे आणि काटकोन त्रिकोणाचं गणित

१०.७७ फूट म्हणजे १० फूट ७ इंच नव्हे, हे कळायला मला पाइपचे आठ वासे कापून घ्यावे लागले. तासगावच्या बाजूला आमचं गावाकडचं घर आहे. तिथं गोठ्यावर दुपाखी पत्रा टाकायचा होता. गोठा २० फूट रुंद, मधलं आढं भिंतीच्या माथ्यापासून ४ फूट वर. वाशाची लांबी मोबाइलवर काढली, १०.७७ आलं, आणि वेल्डिंगवाल्याला फोनवरच सांगून टाकलं, "दहा फूट सात इंच, आठ नग." वासे चढवले तर एकही आढ्याला पोचेना. सव्वादोन इंच आखूड! मी सांगलीत दहावीच्या पोरांना भूमिती शिकवतो हे त्याला ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, "सर, गणित तुमचं आणि पाइप पण तुमचाच."

पायथागोरसचं प्रमेय पाठ होतं, आकडेमोडही बरोबर होती. घोटाळा झाला तो कागदावरून टेपवर उतरताना. म्हणून इथं दोन्ही सांगतो: बाजूंचं नातं मुळात काय आहे, आणि हातात टेप, दोरी किंवा गुण्या (काटकोनी पट्टी) असताना ते कसं वापरायचं.

आधी कर्ण हुडका

काटकोनाच्या समोरची बाजू म्हणजे कर्ण. उरलेल्या दोन काटकोन करणाऱ्या बाजू. एवढं सगळ्यांना येतं, तरी निम्मे मार्क इथंच जातात. पुस्तकातल्या बहुतेक आकृत्यांत काटकोन खाली कोपऱ्यात असतो आणि कर्ण तिरका. त्यामुळं "तिरकी ती कर्ण" असं डोक्यात बसतं. मी वही फिरवून कर्ण आडवा करून विचारतो, तेव्हा वर्गातली चार-पाच पोरं हमखास भलत्या बाजूवर बोट ठेवतात.

सवय अशी लावा: आकृती काढली की आधी काटकोनात छोटा चौकोन काढायचा. त्या चौकोनाला जी बाजू शिवत नाही, ती कर्ण. मग त्रिकोण कसाही पडलेला असू दे.

उत्तर आलं की दोन गोष्टी नजरेनंच तपासता येतात. कर्ण तिन्ही बाजूंत सगळ्यात मोठा हवा, पण बाकीच्या दोघींच्या बेरजेपेक्षा लहान हवा. शेताचे दोन बांध काटकोनात आहेत, एक ९९ फूट आणि एक १३२ फूट. बांधाबांधानं गेलात तर २३१ फूट चाल, वावरातून आडवं गेलात तर १६५. सहासष्ट फूट वाचतात, म्हणून तर मालकानं कितीही बोंब मारली तरी कोपरा तोडून पायवाट पडतेच.

हे प्रमेय क्षेत्रफळाचं आहे

९९ आणि १३२ हे आकडे मी मुद्दाम घेतले. आपल्याकडं गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच ३३ फूट गुणिले ३३ फूट. आता त्या ९९ फुटांच्या बांधावर एक पूर्ण चौरस तुकडा आखला अशी कल्पना करा. ९९ म्हणजे तीन वेळा ३३, तेव्हा तो तुकडा ३ × ३ = ९ गुंठ्यांचा. १३२ फुटांच्या बांधावरचा चौरस ४ × ४ = १६ गुंठ्यांचा. आणि १६५ फुटांच्या कर्णावरचा? ५ × ५ = २५ गुंठे. नऊ आणि सोळा, पंचवीस. दोन भावांच्या वाटण्या एकत्र केल्या तर तिसऱ्याची जमीन गुंठाभरही कमी-जास्त नाही.

पायथागोरसचं प्रमेय एवढंच म्हणतं. लांब्यांची बेरीज होत नाही, लांब्यांवर उभ्या केलेल्या चौरसांच्या क्षेत्रफळांची होते. "वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा" ही कृती पाठ असते, पण 'वर्ग' म्हणजे खरोखरचा जमिनीचा चौरस तुकडा हे सुटून गेलेलं असतं. बौधायनांच्या शुल्बसूत्रात, म्हणजे वेदी आखायच्या जुन्या ग्रंथात, हे नातं क्षेत्राच्याच भाषेत आहे. शुल्ब म्हणजे दोरी. आयताच्या कर्णावर धरलेली दोरी जेवढं क्षेत्र करते, तेवढंच त्याच्या दोन बाजू वेगवेगळं मिळून करतात, असा त्याचा आशय. यज्ञवेदी आखणाऱ्यांना क्षेत्राचीच फिकीर होती, सातबारा बघणाऱ्यांना असते तशी.

लग्नपत्रिकेतून सिद्धता

ज्याला पटत नाही त्यानं जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्यावा. ३ सेंटिमीटर आणि ४ सेंटिमीटर काटकोनी बाजू असलेले चार एकसारखे त्रिकोण कापा. वहीवर ७ सेंटिमीटर बाजूचा एक चौरस आखा. या चौरसात चारही त्रिकोण दोन तऱ्हांनी मांडायचे आहेत.

पहिल्या वेळी प्रत्येक कोपऱ्यात एक त्रिकोण बसवा, काटकोन कोपऱ्यात. प्रत्येक कडेवर एकाचे ३ आणि शेजारच्याचे ४ असे ७ भरले पाहिजेत. मधोमध एक तिरका चौरस मोकळा राहतो. त्याची बाजू म्हणजे कर्ण. आखलेला चौरस ४९ चौरस सेंटिमीटरचा, त्रिकोण प्रत्येकी ६ चे, चार मिळून २४. मोकळे उरले २५.

आता त्रिकोण उचला. दोन-दोन जोडून ३ × ४ चे दोन आयत करा आणि ते अशा रीतीनं ठेवा की एकमेकांना फक्त टोकाशी शिवतील, एक आडवा आणि एक उभा. या वेळी मोकळ्या जागा दोन राहतात, एक ३ × ३ ची आणि एक ४ × ४ ची. घर तेच, सामान तेच, फक्त मांडामांड बदलली. म्हणजे मोकळी जागाही तेवढीच असणार. पहिल्यांदा ती कर्णाच्या चौरसाएवढी होती, आता दोन लहान चौरसांच्या बेरजेएवढी आहे.

मधला तिरका चौकोन खरंच चौरस आहे कशावरून, असं एखादी पोरगी विचारतेच, आणि विचारावंच. कडेवर जिथं दोन त्रिकोणांची टोकं भेटतात तिथं तीन कोन मिळून १८० अंश होतात. त्यातले दोन त्रिकोणाचे लघुकोन, त्यांची बेरीज ९०. मग मधल्याला ९०च उरतात. या सगळ्यात ३ आणि ४ यांना काही खास स्थान नाही. त्रिकोण कुठल्याही मापाचा कापा, फक्त मोठ्या चौरसाची बाजू त्या दोन मापांच्या बेरजेएवढी घ्या.

बेरीज की वजाबाकी

कर्ण काढायचा असेल तर वर्गांची बेरीज. कर्ण माहीत असून दुसरी बाजू हवी असेल तर कर्णाच्या वर्गातून वजाबाकी. घाईत सगळीकडं बेरीज होते, म्हणून आधी कर्ण हुडका म्हटलं.

बेरजेचं उदाहरण माझा गोठा. निम्मी रुंदी १० फूट, आढ्याचा चढ ४ फूट. १०० + १६ = ११६. वर्गमूळ काढायच्या आधी अंदाज बांधा: १० चा वर्ग १००, ११ चा १२१, म्हणजे उत्तर अकराच्या जरा अलीकडं. मोबाइल सांगतो १०.७७.

आता थांबा. पोटात दुखतंय ते इथंच. फूट बारा इंचांचा असतो, दशांश दहाचा असतो. ०.७७ ला १२ नं गुणायचं: ९.२४. म्हणजे १० फूट सव्वानऊ इंच. त्यातला पाव इंच म्हणजे दोन सूत, कारण इंचात आठ सूत. मी पॉइंटनंतरचा पहिला ७ सरळ इंच म्हणून वाचला होता. हिशेब मीटरमध्ये केला तर ही भानगडच येत नाही, पण मिस्त्री, सुतार, पत्रेवाला सगळे फूट-इंचात बोलतात, तेव्हा १२ नं गुणायची सवय लावून घेतलेली बरी. पुढं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून पत्रा फूटभर बाहेर काढायचा होता. ११ फूट सव्वानऊ इंच झाले, म्हणजे १२ फुटी पत्रा मागवायचा.

वजाबाकीचं उदाहरण द्राक्षबागेतलं. ओळीच्या टोकाचा खांब जमिनीवर ६ फूट आहे आणि त्याला ताण द्यायला साडेसात फूट तार उरली आहे. अँकर खांबापासून किती लांब रोवायचा? ७.५ चा वर्ग ५६.२५, त्यातून ३६ वजा, उरले २०.२५. वर्गमूळ ४.५. साडेचार फुटांवर खड्डा घ्या. पिळे मारायला जी तार लागते ती या साडेसातात धरायची नाही, हे बागाईतदाराला सांगायला नको.

उलटा वापर: दोरीनं काटकोन मारणे

शाळेत काटकोन दिलेला असतो आणि बाजू काढायच्या असतात. साइटवर उलटं असतं. बाजू हातात असतात, काटकोन मिळवायचा असतो. प्रमेयाचा व्यत्यासही खरा आहे, म्हणजे दोन लहान बाजूंच्या वर्गांची बेरीज मोठीच्या वर्गाएवढी भरली तर मोठीच्या समोरचा कोन काटकोनच. गवंडी याला "तीन-चार-पाच मारणे" म्हणतात. त्यातल्या कित्येकांना प्रमेयाचं नाव माहीत नसतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

घराचा पाया आखताना ५० फुटी टेप आणि तीन माणसं असली की असं करा. रस्त्याकडची किंवा हद्दीची बाजू पक्की धरून तिथं लाइनदोरी ताणा. घराचा पहिला कोपरा ठरवून खुंटी ठोका, खुंटीच्या डोक्यात खिळा. दोरीखाली कोपऱ्यापासून बरोबर १२ फुटांवर दुसरी खुंटी. आता दुसऱ्या खुंटीवर टेपचा शून्य धरा, कोपऱ्यावर १२ चा आकडा, तिसऱ्या माणसाच्या हातात २८ चा आकडा, आणि टेप फिरवून परत दुसऱ्या खुंटीवर ४८. तिसऱ्या माणसानं दोन्ही बाजू सारख्या ताणल्या की तो जिथं उभा असेल तिथं तिसरी खुंटी. १२, १६ आणि २० चा त्रिकोण तयार झाला, काटकोन तुमच्या कोपऱ्यात. या खुंटीवरून दुसरी लाइनदोरी न्या आणि दोन्ही दोऱ्यांखाली फक्की (चुन्याची भुकटी) मारा.

टेपच्या टोकाची कडी वाकलेली असते, शिवाय काही टेपांचा शून्य कडीच्या टोकाला असतो तर काहींचा आत. म्हणून मिस्त्री पहिला फूट सोडून देतात. तेव्हा आकडे १, १३, २९ आणि ४९ होतात, तरी पन्नासात बसतं. कापडी टेप वापरू नका, ताणला की वाढतो.

तीन-चार-पाचच का नाही घ्यायचं? एवढ्याशा त्रिकोणात छोटी चूक मोठी होते, म्हणून. समजा कर्ण मोजताना अर्धा इंच फरक पडला. ३-४-५ फुटांच्या त्रिकोणात तेवढ्यानं कोन साधारण १ अंशानं चुकतो आणि ३० फुटांची भिंत टोकाला सव्वासहा इंच सरकते. १२-१६-२० घेतला तर तोच अर्धा इंच कोन फक्त पाव अंशानं चुकवतो, भिंत दीड इंचाच्या आसपास सरकते. त्रिकोण चौपट, चूक पाव. बागेची लागण आखताना तर हे फारच अंगाशी येतं. २०० फुटांच्या ओळीला एक अंशाची चूक म्हणजे शेवटी साडेतीन फूट. मग एका टोकाला ट्रॅक्टर वळतो, दुसऱ्या टोकाला अडकतो. जागा आहे तेवढा मोठा त्रिकोण घ्या.

टेप २० ऐवजी २० फूट १ इंच दाखवत असेल तर कोन ९० पेक्षा उघडला आहे, तिसरी खुंटी आत घ्या. १९ फूट ११ इंच दाखवत असेल तर कोन मिटला आहे, बाहेर सरकवा. विशालकोन आणि लघुकोन ओळखायची जी कसोटी पुस्तकात आहे, ती ही.

चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजून सारखे येतात का बघतात. ३० × ४० च्या प्लॉटला दोन्ही ५० फूट. १० × १२ च्या खोलीला १०० + १४४ = २४४, वर्गमूळ १५.६२, म्हणजे १५ फूट साडेसात इंच, किंचित कमी. पण समोरासमोरच्या भिंती सारख्या आहेत हे आधी मोजा. समोरची भिंत दोन्ही अंगांनी सारखी आखूड झालेली असेल तरी कर्ण सारखेच येतात आणि खोली मात्र गुण्यात नसते. मग फरशी बसवताना भिंतीकडेला पाचरीसारखे तुकडे कापत बसावं लागतं आणि आलागेला प्रत्येक पाहुणा त्याकडं बघतो.

कंपासपेटीतले दोन गुण्ये

४५ अंशांच्या त्रिकोणात दोन बाजू सारख्या असतात आणि कर्ण त्यांच्या १.४१४ पट. सुताराचं पाठांतर: १२ इंचाला १७ इंच. खरा आकडा १६.९७, म्हणजे चूक पाव सुताइतकी. चौरस गुंठ्याचा कर्ण ४६ फूट ८ इंच. गुंठ्याचा प्लॉट घेणाऱ्यानं हा आकडा खिशात ठेवावा. शुल्बसूत्रात या दोनच्या वर्गमूळासाठी १ + १/३ + १/१२ − १/४०८ अशी मांडणी आहे. बेरीज करून बघा, १.४१४२१ पर्यंत तंतोतंत जुळते.

दुसरा गुण्या ३०-६०-९० चा. ३० अंशांसमोरची बाजू कर्णाच्या निम्मी, ६० समोरची कर्णाच्या ०.८६६ पट. समभुज त्रिकोण मधोमध कापला की हेच मिळतं, त्यामुळं वेगळं पाठ करायची गरज नाही. पाख्याला ३० अंशांचा उतार हवा असेल तर वाशाच्या निम्मी उंची द्या, झालं.

पूर्णांकांची त्रिकुटं आणि एक मोडका बांबू

वर्गमूळ टाळायचं असेल तर त्रिकुट जवळ हवं, म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या बाजू होतील अशा तीन पूर्ण संख्या. कुठलीही विषम संख्या घ्या, वर्ग करा, त्याचे लागोपाठचे दोन भाग पाडा. ५ चा वर्ग २५, म्हणजे १२ आणि १३: त्रिकुट ५, १२, १३. ७ चा ४९, म्हणजे २४ आणि २५. ९ चा ८१, म्हणजे ४० आणि ४१. हे जमतं कारण लागोपाठच्या दोन संख्यांच्या वर्गांतला फरक त्यांच्या बेरजेइतका असतो. ८, १५, १७ मात्र या युक्तीनं सापडत नाही, ते वेगळं लक्षात ठेवा.

वर्गांच्या फरकाची हीच खुबी भास्कराचार्यांच्या लीलावतीत दिसते. ग्रंथ ११५० चा. ३२ हात उंच बांबू वाऱ्यानं मध्येच मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. किती उंचीवर मोडला? उभा राहिलेला भाग ही एक बाजू, मोडून पडलेला भाग हा कर्ण. दोन्ही अज्ञात, पण त्यांची बेरीज ३२. कर्णाचा वर्ग वजा उभ्या भागाचा वर्ग म्हणजे १६ चा वर्ग, २५६. आणि वर्गांचा फरक म्हणजे बेरीज गुणिले फरक. म्हणून फरक २५६ ÷ ३२ = ८. बेरीज ३२, फरक ८, तर भाग २० आणि १२. बांबू १२ हातांवर मोडला. कृष्णाकाठी वळवाच्या पावसानंतर असे बांबू हवे तेवढे बघायला मिळतात, आणि पोरांना हे उदाहरण शिडीच्या उदाहरणापेक्षा कितीतरी लवकर चढतं.

उतारावरचा टेप

जमीन उताराची असली की टेप तिरका धरला जातो आणि मोजलेलं अंतर कर्ण होतं, तर नकाशातलं अंतर आडवं असतं. याची धास्ती किती घ्यायची? ५० फुटांच्या अंतरात १ फूट उतार असेल तर २,५०० + १ चं वर्गमूळ ५०.०१. शंभरांश फूट, म्हणजे जेमतेम एक सूत. सोडून द्या. पण टेपवर ५० फूट भरलेत आणि उतार ५ फुटांचा आहे, तर २,५०० − २५ चं वर्गमूळ ४९.७५, म्हणजे तीन इंच गेले. तिथं टेप टप्प्याटप्प्यानं आडवा धरायचा आणि ओळंबा सोडून खाली खूण करायची.

त्याच कारणानं व्हीलचेअरचा उतार फसवतो. १ ला १२ या प्रमाणात २ फूट जोत्याला २४ फूट आडवी जागा लागते. घरमालक विचारतो, "सर, तिरकं मोजलं तर बरंच वाढेल की हो?" ५७६ + ४ चं वर्गमूळ २४.०८. ते ०.०८ बाराने गुणा. एक इंच वाढतो.